बरणी क्रमांक एक्केचाळीस

जमिनीला लावलेलं पॉलिश चिकटत होतं आणि त्यात दप्तरदारांचा काडीचाही दोष नव्हता. निदान त्यांचं मत तसं होतं. बायकोने बैठकीच्या खोलीतून दोनदा ओरडून सांगितलं की हे काहीतरी भलतंच चिकट आहे. दप्तरदारांनी भट्टीत पाव सरकवता सरकवता दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं: घरचं पॉलिश आधी चिकटतंच, वाळलं की त्यात तोंड दिसेल. मग तिने मुकाट्याने सगळी लाकडी जमीन पुसून काढली आणि वर दोन खुर्च्याही पुसल्या.

दप्तरदार हे त्यांना कचेरीत पडलेलं नाव. बत्तीस वर्षं त्यांनी जुन्या फायलींची खोली सांभाळली आणि एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी शहरातल्या फ्लॅटला कुलूप घातलं आणि खेड्यात हे घर घेतलं. तेव्हापासून माणूस नुसता पेटला होता. साबण घरचा, मेणबत्त्या घरच्या, पाव घरचा, जुने पडदे फाडून केलेल्या उशा घरच्या. बाजारातून काही आणायची वेळ आली की त्यांना स्वतःची हार झाल्यासारखं वाटे. वाया तर ते काहीच जाऊ देत नसत. मागच्या आठवड्यात त्यांनी मध घालून नासपतीचा जॅम केला आणि उरलेल्या साली मेणाच्या पॉलिशमध्ये उकळल्या. दोन्हींचा रंग सारखा, वास सारखा. याचा त्यांना केवढा अभिमान.

आज मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. बायको खेड्यात यायला एका अटीवर तयार झाली होती. वर्षभर राहून बघायचं, मग तिच्या थोरल्या बहिणीने येऊन घर बघायचं आणि ती म्हणेल ते दोघांनी मान्य करायचं. ताई ‘चला परत’ म्हणाल्या तर दुसऱ्याच दिवशी सामान बांधायचं. दप्तरदारांनी त्या वेळी तसं कागदावर लिहून सहीही करून टाकली, कारण वर्ष लांब होतं. ते आज सकाळी संपलं. आकडसासूच्या एका शब्दावर आपली भट्टी, आपलं कोठार, आपलं सगळं राज्य जावं, हा कुठला न्याय, असं ते आठवडाभर धुमसत होते.

ताई दहाच्या ठोक्याला आल्या. मोठ्या दवाखान्याच्या औषधभांडाराच्या त्या प्रमुख होत्या आणि निवृत्तीनंतरही त्यांची नजर तीच राहिली होती. दारातच त्यांनी हुंगून बघितलं आणि वास छान येतोय म्हणाल्या. दप्तरदारांची छाती फुगली. मोकळी हवा हवी म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि ताईंना खुर्चीत बसवलं. मग गरम पाव आला. पाव कापायला जरा जोर लागला, पण कापला गेला. बायकोने बरणीतून जॅम वाढला. ताई बराच वेळ चघळत राहिल्या.

“जॅमला वास आहे, चव नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि गिळताना ओठ तुळतुळीत होतात.”

हा साखर न घातल्याचा परिणाम, असं दप्तरदार समजावून सांगत होते. तेवढ्यात एक मधमाशी आली. मग चार आल्या. शेजारच्या माणसाकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या, त्याच्याकडूनच दप्तरदार मध आणि मेण आणत असत. बघता बघता खिडक्यांतून माश्यांची रीघ लागली आणि सगळी जमीन गुणगुणायला लागली. ताई उठायला गेल्या तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. दप्तरदारांनी खुर्ची ओढली, बायकोने बहिणीला ओढलं. ताई सुटल्या, पण त्यांचे बूट जमिनीलाच चिकटून राहिले. तिघं धावत सुटली आणि दाराला घट्ट कडी असलेल्या एकुलत्या एका खोलीत, म्हणजे कोठारात, शिरली.

खिडकीच्या फटीतून हाका मारून मारून शेजाऱ्याला बोलावलं. त्याने बाहेरूनच डोकावून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की कुणी मध्ये येऊ नका, दुपारपर्यंत त्या सगळं चाटूनपुसून लख्ख करतील आणि आपोआप घरी जातील. मग तो जेवायला निघून गेला.

कोठारात दोनशे बरण्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं, नुसते आकडे. कचेरीचा नियमच होता तसा: फायलीवर क्रमांक टाकायचा, आत काय आहे ते नोंदवहीत लिहायचं. ताईंनी एक फेरी मारली आणि बहिणीला विचारलं की जमिनीला कोणती बरणी लावली आणि मला खायला कोणती घातली.

“जमिनीला एक्केचाळीस, तुला बेचाळीस. वहीत बघूनच घेतल्या मी.”

दप्तरदारांनी वही उघडली. एक्केचाळीस, पॉलिश. बेचाळीस, जॅम. बायकोचं बरोबर होतं. मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. पुढच्या क्षणी ते उसळले.

“शुद्धिपत्रक कोण वाचणार? इथे स्वच्छ अक्षरात लिहिलंय, एक्केचाळीस आणि बेचाळीस यांची अदलाबदल समजावी. सही आहे, तारीख आहे.”

“मग त्याच पानावर खोडून का नाही लिहिलंत?” बायकोने विचारलं.

नोंदवहीत खाडाखोड? दप्तरदारांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी नोंदवहीत एक काना खोडला नव्हता. चूक झाली की ती शेवटच्या पानावर दुरुस्त करायची, हे कुठल्याही शिकलेल्या माणसाला कळायला हवं. आणि एवढं बोंबलायला झालंय काय? शुद्ध मेण आणि तेल होतं, पोटात गेलं तर गेलं. घरची वस्तू आहे, बाजारातलं विष नाही. राहता राहिल्या मधमाश्या, तर त्यांनी नोंदवही वाचावी अशी त्यांचीही अपेक्षा नव्हती. ते बराच वेळ बोलत राहिले. ताई उलट्या ठेवलेल्या बादलीवर अनवाणी बसून ऐकत होत्या.

दुपारी बाहेरची गुणगुण थांबली. दार उघडलं तर जमीन खरंच आरशासारखी झाली होती. खिडकीतून उतरत जाणारी शेतं दिसत होती आणि वाऱ्याला गवताचा वास होता. ताईंनी बूट उचलले आणि घरभर फिरून आल्या. दप्तरदार दाराला टेकून उभे होते आणि मनातल्या मनात सामान बांधत होते.

“घर सोन्यासारखं आहे,” ताई म्हणाल्या. “सोडायचं नाही.”

दप्तरदारांना भरून आलं. आपण या बाईला उगाच आठवडाभर शिव्या घातल्या, असंही त्यांना वाटून गेलं. ते म्हणाले, ताई, तुम्ही माणूस ओळखलात.

“ओळखला ना,” ताई म्हणाल्या आणि बहिणीकडे वळल्या. “काय गं, तुला इथे कंटाळा येतो?”

“गावाचा मला कधीच कंटाळा आला नाही,” बायको म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच ती इतकं सरळ बोलत होती. “मला कंटाळा येतो तो ह्यांच्या उद्योगांचा. सकाळी डोळे उघडले की हे काहीतरी उकळत असतात.”

मग दोघी बहिणी खुर्च्या जवळ ओढून बसल्या आणि जणू खोलीत तिसरं कुणी नाहीच अशा थाटात ठरवू लागल्या. ताई एकट्याच राहत होत्या, त्या पुढच्या महिन्यात इकडे येणार. मागची खोली त्यांची. शहरातला फ्लॅट असा किती दिवस बंद ठेवायचा, नळ गळतात, भिंतींना ओल येते, कुणीतरी जबाबदार माणूस तिथे राहायला हवा.

“कोण जबाबदार माणूस?” दप्तरदारांनी विचारलं.

दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

हा सरळसरळ अन्याय आहे, असं दप्तरदारांनी ओरडून सांगितलं. घर मी शोधलं, भट्टी मी बांधली, अट घर सोडायची की ठेवायची एवढीच होती, तिच्यात मला काढायचा मुद्दाच नव्हता. ताईंनी शांतपणे विचारलं की ‘ताई म्हणतील ते मान्य’ असं ठरलं होतं की नव्हतं. ते ठरलं होतं, आणि तेही त्यांच्याच सहीने.

बायकोला मात्र त्यांची दया आली. ती जवळ आली, त्यांच्या बाहीला चिकटलेलं पीठ तिने हाताने झटकलं.

“असं तोंड पाडू नका हो,” ती म्हणाली. “रविवारी येत जा ना. फक्त निघण्याआधी फोन करा, म्हणजे आम्ही घरी थांबू.”