'येतो' म्हणण्यास सक्त मनाई

माणसाने कर्ज फेडावे की न फेडावे, हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. परंतु ते मागायला येणाऱ्याने कसे वागावे, हा कायद्याचा प्रश्न आहे. हे ओळखूनच १९५८ साली कुंभार पिंपळगावात 'कर्जदार दिलासा समिती' स्थापन झाली. (समितीचे टेबल, दोन बाक आणि पाटी उधारीवर आणलेली होती. त्यामुळे सभासदांना विषयाची जाण पहिल्या दिवसापासून होती.)

समितीने दिलाशाचे चार मार्ग जाहीर केले. पहिला, संपूर्ण माफी; ही ज्याच्यावर कर्ज नसेल त्याला ताबडतोब मिळे. दुसरा, थकलेला हप्ता भरण्यासाठी हप्ते बांधून मिळणे. तिसरा मार्ग छापील प्रतीत नीट उमटला नव्हता, पण तोच सर्वांत सोयीचा होता असे जाणकार सांगत. आणि चौथा, वसुलीवाल्याचे गैरवर्तन साक्षीदारासह शाबित झाल्यास कर्ज रद्द. पहिल्या वर्षात एकशे एक्केचाळीस अर्ज आले. पैकी एकशे चाळिसांत अर्जाची फी उसनी मागितली होती. उरलेला एक काकासाहेबांचा, आणि त्याचीच ही हकिकत.

काकासाहेब ग्रामपंचायतीत कारकून होते. त्यांची मुलगी उमा लग्नाची झाली होती आणि मुलाचा बाप आला तर त्याला बसायला घरात पाट सोडून काही नव्हते. म्हणून त्यांनी जालन्याच्या एका दुकानातून हप्त्याने वेताची खुर्ची आणली. ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे करकरत असे, त्यामुळे काकासाहेब घरी आहेत की नाहीत हे गल्लीला न विचारता कळे. पहिला हप्ता त्यांनी वेळेवर दिला. पुढचे हप्ते तत्त्वाचा प्रश्न म्हणून थांबवले. (तत्त्व कोणते, ते ठरायचे होते.)

दुकानाचा वसुलीवाला चांदपाशा दर बाजाराला येई, त्याच खुर्चीत बसून चहा घेई, तगादा करी आणि "येतो" म्हणून निघे. सगळे सुरळीत चालले होते. एवढ्यात समितीचे चिटणीस भुजंगराव यांनी वरून आलेल्या नियमांचा तर्जुमा केला. सातवा नियम असा होता की वसुलीवाल्याने निघताना पुन्हा येण्याची धमकी देऊ नये. भुजंगराव कर्तव्यदक्ष. लोकांना नीट कळावे म्हणून त्यांनी कंसात उदाहरण घातले: (जसे, 'येतो').

पुढच्या बाजारी चांदपाशा खिशात जप्तीचा हुकूम घेऊन आला. सवयीने चहा घेतला आणि तिथेच फसला. कारण नवव्या नियमानुसार पाहुणा बसलेली वस्तू जप्त करता येत नाही, आणि चहा घेतला की तो पाहुणा. स्वतःच बसलेली खुर्ची स्वतःला जप्त करता येईना. तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "बरं काकासाहेब, जातो."

काकासाहेबांच्या पत्नी गोजरबाई आतून धावत आल्या. "आता ओ! भरल्या घरातून जातो म्हणत्यात का कुणी? पोरीला पाहायला पावणे येऊन राह्यले गुरुवारी. येतो म्हणा, चांदभाई!"

"भाभी, मी काय खुशीनं म्हणून राह्यलो? कायदा है. येतो म्हणलो की केस."

"मंग काही न बोलता निघा."

"न सांगता निघायला मी काय कर्जदार आहे?" चांदपाशा दुखावला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

कायद्याने 'येतो' म्हणता येईना, रिवाजाने 'जातो' म्हणता येईना. चांदपाशाचा मुक्काम पडला. तीन दिवसांत त्याने उमाकडून शेवया वळून घेतल्या, काकासाहेबांचा हिशेब तपासून दोन चुका दाखवल्या आणि गोजरबाईंचे पाठदुखीचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकले. (हे गेल्या वीस वर्षांत कुणीही केले नव्हते.) काकासाहेब मात्र पाटावर बसून झुरत होते. गुरुवारी व्याही बसणार कुठे?

गुरुवार उजाडला. मुलाचे वडील जगन्नाथराव जांबेहून आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती खुर्चीवर, म्हणजे चांदपाशावर, थांबली. उमा पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. बश्या वाजत होत्या. एक 'जातो' पडला की सोयरीक मोडली, हे घरातल्या सगळ्यांना कळत होते.

चांदपाशा उठला. खुर्ची मोठ्याने करकरली. "बसा राव," तो म्हणाला. मग त्याने उमाकडे पाहिले, अकरा वर्षांची नोकरी एकदा आठवली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "येतो."

गोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. काकासाहेबांना तर भावाहून जवळचा माणूस मिळाल्यासारखे झाले. लग्न तिथल्या तिथे ठरले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी सातव्या नियमाखाली तक्रार दाखल केली. साक्षीदार, जगन्नाथराव. अर्ज लिहिताना त्यांचे डोळे दोनदा भरून आले. शाई फुटली म्हणून अर्ज पुन्हा लिहावा लागला, आणि दुसऱ्या प्रतीत त्यांनी 'दमदाटीच्या सुरात' हे शब्द वाढवले. समितीने कर्ज रद्द केले. दुकानाने चांदपाशाला काढले. खुर्ची उमाबरोबर जांबेला गेली. व्याह्यांनी ती मागूनच घेतली.

काकासाहेबांचा तुम्हाला राग आला असेल. येणारच. चांदपाशासाठी मन हळहळले असेल, तेही तुमच्या चांगुलपणाला शोभते. हे ऐकून त्याला बरे वाटेल. त्याला दुसऱ्या दुकानात नोकरी लागली आहे आणि हल्ली आपलीच गल्ली त्याच्याकडे आहे. काल तो तुमच्या दारात उभा होता. तुम्ही घरात नाही असे आतून सांगण्यात आले. त्यावर त्याचे काही म्हणणे नाही. आत तुमची खुर्ची मात्र करकरली, एवढेच तो सांगत होता.