बेचाळीस ढोरं

केशरबाई चहा टाकायला आत गेली आणि ओसरीवर बसलेल्या हिरीबाईचे कान शेजारच्या खोलीकडे वळले. त्यात तिची काही चूक नाही. लग्नं जुळवणं ही तिची हौस, आणि ज्याचं जुळवायला ती वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून आली होती तो केशरबाईचा मुलगा संघदीपच आत फोनवर तावातावानं बोलत होता.

"बेचाळीस झाले ना बे ढोरं!" तो सांगत होता. "कालचं तं शिरपूरच्या बसस्टँडावर भेटलं. कायंशार, मोठ्ठ्या शिंगाचं! त्याच्या बदल्यात मले कोनी दोन दिले तरी मी देत नाही. अरे, सकाळी उठून पयले ढोरायले खाऊ घालतो, मंग मी चहा पेतो."

हिरीबाईनं तोंडावर हात ठेवला. बेचाळीस! आजूबाजूला पाहिलं तर एका बाजूला सोयाबीनच्या भुशाकुटारानं भरलेला गोठा आणि त्याच्या दारात एक बकरी. बाकीची ढोरं वावरात असतील, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. केशरबाई चहा घेऊन आली तेव्हा तिला काही विचारावं, हे मात्र तिच्या मनातही आलं नाही. ऐकीव बातमीत विचारपूस केली की बातमी बारीक होते, हा तिचा अनुभव होता.

आता खरं काय ते सांगून टाकतो. संघदीप शाळेत होता तेव्हा टीव्हीवर 'टोरूबा' नावाचं जपानी कार्टून लागायचं. त्यात नाना तऱ्हेचे प्राणी पकडायचे, पोसायचे, वाढवायचे. पुढे त्याचाच मोबाइल गेम निघाला. गावोगाव फिरलं की हे प्राणी कुठं कुठं भेटतात, तिथं उभं राहून पकडायचे. त्यांची नावं एवढी अवघड की संघदीप आणि वाशीमचा त्याचा दोस्त प्रज्वल यांची जीभ अडकायची. म्हणून दोघांनी सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलं, ढोरं. एकतीस वर्षांच्या माणसानं असलं खेळावं का, असं कुणी विचारील. मालेगावला तहसीलसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे, सर्व्हर बंद पडला की लोकांच्या शिव्या खायच्या. त्यात त्याला हा एक विरंगुळा होता. आपल्याला तर यात काही वावगं दिसत नाही.

वावगं होतं ते एवढंच की त्याचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकाणांहून नकार आला होता. "नोकरी नाही, वावर दोनच एकर," एवढं सांगून पाहुणे उठायचे. पोरगा निर्व्यसनी, स्वभावानं गरीब, आईच्या हाताखाली भाकरीसुद्धा थापायचा, पण ते कुणी विचारतच नव्हतं. तिसऱ्या नकाराच्या दिवशी केशरबाईनं पाहुण्यांच्या पोह्याच्या बशा उचलताना पदरानं डोळे पुसले होते, ते संघदीपनं पाहिलं होतं.

आणि हिरीबाई येऊन गेल्यावर आठ दिवसांत वाशीमजवळच्या फुलचंदकडून निरोप आला, पोरगी पाहायला या.

फुलचंदच्या दारात अकरा म्हशी होत्या आणि वाशीमला दुधाचा रतीब होता. मुलगी धम्मदीपा बी.ए. झालेली, सावळी, बोलायला कमी. चहापाणी झाल्यावर पोरापोरीला बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. दोघं म्हशींच्या समोर उभे राहिले. धम्मदीपानंच विचारलं, "तुमच्या इथं बेचाळीस ढोरं हायत म्हनते. खरं हाय का?"

संघदीपनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ढोरं! हा शब्द तर त्याचा आणि प्रज्वलचा.

"तुमालेही मालूम हाय?"

"सगळ्यायलेच मालूम हाय."

"बेचाळीस नाही आता. पंचेचाळीस झाले!" तो फुलून म्हणाला. "अन् मले शंभर कराचे हायत."

"शंभर?" तिचा आवाज खाली गेला.

"एकट्यानं टाइम लागते. तुमी सोबत असल्या तं सालभरात होऊन जाते. दोघं मिळून करू!"

धम्मदीपानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. लाजली बिचारी, असं संघदीपला वाटलं. परत येताना एस.टी.त तो खिडकीशी बसून एकटाच हसत होता. जगात आपल्यासाठी एक पोरगी आहे, आणि तिला टोरूबा माहीत आहे, याहून जास्त माणसाला काय हवं असतं?

गुरुवारी फुलचंदचा फोन आला. केशरबाईनं उचलला.

"बाई, रविवारी अकरा वाजता घर पाह्यले येतो. पोरगीही येतो म्हनते, तिले घर पाह्याचं हाय. अन् एक सांगतो, त्या दिवशी ढोरं चरायले सोडू नका. मले पाह्याचे हायत."

"कोन्ते ढोरं?"

"बेचाळीस हायत ना? हिरीबाईनं सांगतलं तवाच तं मी तयार झालो. झेरॉक्सचं काय घेऊन बसता, ढोरं असले तं पोरगी उपाशी राहत नाही."

इथं केशरबाईनं "नाही हो, काहीतरी चुकलं" म्हणायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण तीन वेळा उचललेल्या त्या बशा तिला आठवल्या आणि तोंडातून निघालं, "हो हो, या ना."

संध्याकाळी घरात हा विषय निघाला तेव्हा संघदीप आधी हसला.

"माय, ते गेममधले ढोरं! तिले मालूम हाय सारं. तिनंच तं इचारलं मले."

"कोन्ता गेम? फुलचंदले म्हशी पाह्याच्या हायत, म्हशी!"

संघदीप मटकन खाटेवर बसला. 'दोघं मिळून शंभर करू' हे आपलंच वाक्य त्याला आठवलं आणि त्यानं मोबाइल उचलला. "फोन करतो मी. सांगून टाकतो."

"करू दे त्याले," इंद्रभान म्हणाला. हा संघदीपचा बाप. आयुष्यात त्याला खोटं बोलता आलं नाही, आणि त्यापायी केशरबाईनं संसारात बरंच सोसलं होतं. "खरं सांगतलं का डोक्याले ताप नाही."

"अन् चौथा नकार कोन घेईन? तुमी?" केशरबाई रडायलाच लागली. "एकदा लग्न होऊ द्या, मंग मी सोता त्यायच्या पाया पडून सांगतो. अन् तुमी आयका, रविवारी तोंडातून शब्द काढाचा नाही. 'चहा घ्या' एवढंच म्हनाचं."

आई रडायला लागली की संघदीपचं डोकं चालायचं बंद व्हायचं. तो गप्प बसला, आणि गप्प बसणं म्हणजे होकार, असं केशरबाईनं धरलं.

शनिवारी गोठ्यातलं कुटार बाहेर निघालं. रविवारी सकाळी शेजारच्या मारोतरावांनी बैलजोडी दिली. "चार वाजता पान्यावर न्या लागते, तवर ठेवा," म्हणाले. वरच्या आळीच्या रुपाबाईनं चार गाई दिल्या, त्याही चारपर्यंत. गोजराबाईनं म्हैस दिली, पण दूध काढायच्या वेळेला ती परत पाहिजे, असं दोनदा बजावलं. घरची बकरी धरून आठ झाली. बाकीची चौतीस लांबच्या वावरात आहेत म्हणायचं ठरलं. पाहुणे अकराला येणार, दोनपर्यंत जाणार, सगळं कसं नीट बसत होतं.

पाहुण्यांची जीप शिरपूरच्या अलीकडे पंक्चर झाली. ते आले साडेतीनला.

"जयभीम, जयभीम! पानी नंतर," म्हणत फुलचंद तडक गोठ्यातच शिरला. बैलांच्या पाठीवर थाप मारली, गाईंचे दात पाहिले. धम्मदीपा दाराशी उभी होती. तिचा चेहरा असा, की जणू हिला इथं दंड भरायला आणलंय.

"हे आठ झाले. बाकीचे?" फुलचंदनं इंद्रभानला विचारलं.

"चहा घ्या," इंद्रभान म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या म्हशीनं मान वर केली, फुलचंदकडे पाहिलं आणि रेकून त्याचा हात चाटायला लागली. फुलचंद दचकला. मग त्यानं तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहिला.

"अरे, हे तं माही चंद्री! परसाली मालेगावच्या बाजारात इकली होती. कोन घेऊन गेलं ते मालूमच नोयतं!"

"आमीच घेतली," केशरबाई घाईनं म्हणाली. तोंड एकदा सैल झालं की थांबत नाही, ते असं.

फुलचंदला गहिवरून आलं. "धम्मा, पाह्य व! आपली चंद्री! तू यायच्या आंधीच तुह्या घरी येऊन बसली!"

"दिसली," धम्मदीपा कोरडेपणानं म्हणाली.

आता सोयरीक झालीच, असं केशरबाईला वाटलं आणि दारात गोजराबाई उभी राहिली. हातात बादली.

"केशर, सोड व माही म्हैस. दुधाचा टाइम झाला."

"ह्या गोजराबाई," केशरबाई पाहुण्यांना म्हणाली, "आमच्या इथं दूध काढाले असतेत."

"मी? तुह्या इथं?" गोजराबाईचा पारा चढला. "एक तं म्हैस द्या, अन् वरतून गडीमानूस बना! सोड तिचं दावं!" तिनं स्वतःच दावं सोडलं. चंद्री मागं वळून वळून फुलचंदकडे पाहत निघाली. तिच्या मागोमाग मारोतराव आले आणि "झालं नं तुमचं?" म्हणून बैल घेऊन गेले. रुपाबाईनं गाई हाकल्या. पाव तासात गोठ्यात फक्त बकरी उरली, तीही सारखी ओरडत होती. सगळे तिच्याकडेच पाहत उभे होते, कारण दुसरीकडे कुठं पाहावं हे कुणालाच कळत नव्हतं.

"पाव्हनं," इंद्रभानला राहवलं नाही, "बकरी आमची हाय."

फुलचंद लालबुंद झाला. "अन् ते बेचाळीस?"

संघदीप पुढं आला. खिशातून मोबाइल काढला आणि समोर धरला. "हे हायत, मामा. गेममधले. आमी दोस्त त्यायले ढोरं म्हनतो. हिरीबाईनं आयकलं, अन्... आज गोठा भरला ते चुकलं आमचं. मी थांबवाले पाह्यजे होतं. माफ करा."

"मोबाइलातले ढोरं दाखवून माही पोरगी नेत होते काय रे? चाल धम्मा!"

केशरबाई उंबऱ्यावर खाली बसली. पण धम्मदीपा जागची हलली नाही. तिनं हात पुढं केला आणि मोबाइल घेतला. निळं, हिरवं, काळं, शेपटीचं, पंखांचं एकेक ढोर ती बोटानं सरकवत गेली.

"हे तं सत्तेचाळीस हायत."

"मंगळवारी दोन भेटले," संघदीप पुटपुटला.

"यायले खाले काय लागते?"

"फळं. ते यातच भेटतेत."

"पहाटे उठा लागते?"

"नाही. उठलं का मंग."

धम्मदीपानं मोबाइलवरून नजर वर केली. "शेन?"

"शेन... नाही. शेन नसते यायले."

"बाबा," धम्मदीपा म्हणाली, "मले पोरगा पसंत हाय."

फुलचंदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "खोटं बोलले हे लोकं!"

"बोलले. त्याचा मलेही राग हाय, तो मी मंग काढीन. पन यायनं मले पंचेचाळीस सांगतलं ते खरंच होतं. मीच म्हशी समजली. मी आज नाही म्हनाले आली होती, बाबा. त्यासाठीच आली. दहावीपासून पहाटे चारले उठून शेन काढून राह्यली मी. बी.ए.च्या पेपरच्या दिवशीही काढलं. कॉलेजात पोरी माह्या बाजूले बसत नोयत्या, वास येते म्हनून. बेचाळीस आयकलं तवा रातभर रडली. अन् हे म्हने, दोघं मिळून शंभर करू!"

संघदीपनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

फुलचंद लेकीच्या हातांकडे पाहत राहिला. मोबाइल धरलेले ते हात, बोटांना भेगा पडलेले. रोज समोर असायचे, पण त्यानं ते आज पाहिले. त्याचा सगळा राग उतरला आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

"तुनं कदी सांगतलं नाही व, माय."

"तुमी कदी इचारलं नाही."

मग फुलचंद ओसरीवर जाऊन बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि डोळे पुसले. "उद्यापासून गडी ठेवतो मी शेनाले," तो म्हणाला. "बाई, तुमी उठा आता. खोट्याचं आपन नंतर पाहू. पयले तारीख काढू." त्यानं घसा खाकरला. "एक सांगून ठेवतो. माही एकुलती एक पोरगी हाय. रिकाम्या हातानं नाही पाठवत मी तिले. चंद्रीची पोर आता व्याले आली हाय, ते म्हैस मी आंदन..."

"बाबा," धम्मदीपा म्हणाली, "म्हैस आली तं मी येत नाही."