शिमग्यातला दाखला

"झाड वाळलेले आहे." हे तीन शब्द मी एकाहत्तर साली, शिमग्याच्या आठवड्यात लिहिले. ग्रामसेवक म्हणून इतकं थोडकं मी दुसरं काहीच लिहिलं नाही. (एरवी माझा रजेचा अर्जसुद्धा दीड पान होतो.)

खर्ड्याजवळच्या त्या गावात आमच्या दाराशीच चावडीचा लिंब होता. गावाची भांडणं आणि बायकांचं शेवया वळणं, दोन्ही त्याच्याच सावलीत. माझी बायको पुष्पावती राहात्याची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. ती म्हणायची, "या गावात मला दोनच गोष्टी धड मिळाल्या. हा लिंब आणि शेजारच्या झुंबरबाई." (मी तिसरा, असं मी धरून चालत होतो.)

तेवढ्यात योजना आली: वाळलेल्या सावलीच्या झाडाच्या जागी पाच नवी रोपं, सरकारी खर्चाने. शिमग्यात लिंब बोडका होतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पाच रोपं फुकट येतायत म्हटल्यावर मी दाखल्यावर शिक्का मारला. जुनं झाड आधी तोडायचं, ही अट दुसऱ्या पानावर होती. मी पहिलंच वाचलं होतं.

वैशाखात तालुक्याचे साहेब आले, बरोबर कुऱ्हाड घेऊन लाकूडतोड्या बन्सी. साहेबांनी लिंबाखाली खुर्ची मागितली, घाम पुसला आणि विचारलं, "वाळलेलं झाड कुठंय?"

"हेच, साहेब."

साहेबांनी वर पाहिलं. वर गच्च पाला. "मग दाखला खोटा?"

"अहो, सांगा ना, चुकलं म्हणून," पुष्पावती दारातून म्हणाली.

मला नोकरी जाताना दिसायला लागली. मी गप उभा राहिलो.

"कागदावर वाळलंय, म्हणजे वाळलंय," साहेब म्हणाले आणि खुर्ची उन्हात ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत लिंब आडवा झाला. खोड आतून ओलं होतं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

चार रोपं शेळ्यांनी खाल्ली. पाचवं उन्हानं मान टाकायला लागलं, तेव्हा पुष्पावतीनं माझ्या हातात छत्री दिली. "धरा. सावली तुम्हीच घालवलीत."

तेव्हापासून रोज भरदुपारी मी रोपावर छत्री धरून उभा. एक दिवस झुंबरबाई निवडायचं सूप घेऊन आल्या आणि माझ्याच सावलीला टेकल्या. पायाला मुंग्या आल्या म्हणून मी जरा हललो, तर त्यांच्या सुपावर ऊन आलं.

"लिंब बरा हुता, बाई," त्या पुष्पावतीला म्हणाल्या. "गप उभा तरी ऱ्हायचा."

"गप उभं राहणं ह्यांनाही जमतं, मावशी," पुष्पावती म्हणाली. "त्या दिवशी पाहिलं की आपण."