तेल, ग्रीस आणि केमिस्ट्रीचे सर

केमिस्ट्रीच्या सरांनी गाडीच्या दारांवर तीन दिवसांत तीन उपचार केले. उन्हात दारांचं रबर चिकटायचं आणि उघडताना चर्र वाजायचं, दुखणं एवढंच. पहिल्या दिवशी शिलाई मशीनचं तेल, दुसऱ्या दिवशी ग्रीस, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या सल्ल्याने दोन्ही. "मेकॅनिकला विचारा की," असं बायको म्हणाली, तेव्हा सर भडकले. "वीस वर्षं केमिस्ट्री शिकवतोय मी!"

चौथ्या दिवशी बायकोच्या चित्रांचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं. अकराला उद्घाटन. ठेवणीतले कपडे घालून दोघं निघाली. वाटेत ऊन तापलं. साडेदहाला हॉलसमोर गाडी थांबली, आणि चारही दारं उघडेनात.

"अहो, ढकला ना!"

"ढकलतोय!"

"मग काय, खिडकीतून उडी मारू? दारात पाहुणे उभे आहेत!"

सरांनी गाडी वळवली ती थेट कोपऱ्यावरच्या गॅरेजात. काच खाली केली आणि लगेच अर्धी वर घेतली. समोर उभा असलेला मेकॅनिक त्यांचाच जुना विद्यार्थी होता, केमिस्ट्रीत दोनदा आपटलेला.

"नमस्कार सर. रबराला काय लावलंत?"

"तेल. आणि... ग्रीस."

"तेलाने रबराचं काय होतं, सर?"

सर पुटपुटले, "फुगतं."

"आणि नवरा-बायको आत अडकतात," शेजारच्या सीटवरून बायकोने पुरवणी जोडली.

मेकॅनिक हसला नाही. त्याने इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ग्लिसरीन भरलं आणि दाराच्या फटीतून थेंबाथेंबाने सोडत नेलं. मागोमाग एक पातळ पट्टी इतक्या हळुवारपणे सरकवली की सर घड्याळ बघायचंच विसरले. काय हात होता पोराचा! दहा मिनिटांत दार अलगद उघडलं. बायको "देवासारखा भेटलास रे!" म्हणत हॉलकडे धावली.

"कुठे शिकलास हे?" सरांनी विचारलं.

"तुमच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला. काचेची नळी रबरी बुचात घालताना ग्लिसरीन लावा, म्हणाला होतात. तेवढं एकच डोक्यात राहिलं, सर. नेमकं तेच तुम्ही पेपरात विचारलं नाहीत."

हे वाक्य सर दरवर्षी सांगत आले होते, आणि ते ऐकलं होतं या एकट्याने.

"सोमवारी पहिल्या तासाला प्रयोगशाळेत ये," ते म्हणाले. "हा धडा तू शिकव."

"मी? आणि तुम्ही, सर?"

"मी मागच्या बाकावर बसतो. समजलं नाही तर हात वर करीन."