हाफ हक्का, आत कोणी नाही

आमच्या गल्लीतल्या मुंजाभाऊंना जेवायला बोलवायचं, तर घरात कोणीतरी मेलेलं असावं लागायचं. लग्न, बारसं, वास्तुशांत, कशालाच हा माणूस फिरकायचा नाही. पण भाद्रपदात पितरपाटा लागला, की पंधरा दिवस त्यांची स्वतःची चूल थंड. एकेका दिवशी दोन-दोन घरची बोलावणी यायची, आणि एक बाराला, एक दोनला अशी ते ती लावून घ्यायचे.

आमच्या परतूरकडं पद्धत अशी, की ज्याचं पित्र असेल त्याच्या जागी एक माणूस जेवायला बसवायचा. म्हातारा गेला असेल तर म्हातारा, तरणा गेला असेल तर तरणा. त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, पाटावर बसवायचं, आणि तेवढा वेळ त्याला मेलेल्या माणसाच्या नात्यानं हाक मारायची. "आबा, कढी वाढू का?" असं. मुंजाभाऊ पन्नाशीचे आणि बिनलग्नाचे. त्यामुळं कुणाच्या आजोबांच्या जागीही चालायचे, आणि ऐन उमेदीत गेलेल्या पोराच्या जागीही. एवढा सोयीचा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता.

एरवी ते तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचे. उंच, वाळलेला देह, डोक्यावर टोपी, आणि बोलताना गळ्याची घाटी अशी वरखाली व्हायची की समोरच्यानं तिकडंच बघत राहावं. तान्हे असताना ते मुंजाच्या पारावर कुणाला तरी सापडले म्हणून मुंजाजी नाव पडलं. आईबापाचा पत्ता नाही. चार घरच्या भाकरीवर वाढले, शिकले आणि गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटेच राहू लागले.

आता जे सांगतो, ते मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आहे हे लक्षात ठेवून ऐका. मलाच माझी लाज वाटते, पण झालं ते झालं.

सोळंक्यांच्या घरी म्हातारा वारला, त्याच्या पित्राला मुंजाभाऊ बसले. मी शेजारी म्हणून पंगतीत होतो. कढीची वाटी त्यांनी उचलली, फिरवली आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानं फुर्रकन ओढली. सोळंकेकाकूंच्या हातातला डाव खाली पडला. म्हाताऱ्याची उजवी दाढ किडलेली होती, तो जन्मभर तशीच कढी प्यायचा. दुसऱ्या एका घरी मुंजाभाऊ वड्याचा घास घेता घेता थांबले आणि म्हणाले, "माझा चष्मा कुठंय?" मुंजाभाऊंना आयुष्यात चष्मा नव्हता. त्या घरचा थोरला मुलगा गप उठला, नाकावरचा चष्मा काढला आणि वडिलांच्या फोटोपुढं नेऊन ठेवला. काचा नव्या घातल्या होत्या, फ्रेम बापाची होती.

मी त्यांना गाठून विचारलं, "मुंजाभाऊ, ही काय सोंगं? आधी चौकशी करून जाता काय?"

"बिलकुल न्हाई, सर. मी काहीच करत न्हाई. हात करतो, तोंड करतं. मी निस्ता बघून राह्यलो."

"म्हणजे अंगात येतं?"

"अंगात कुठलं! जेवणात येतं." आणि मग त्यांनी मला सगळं उलगडून सांगितलं. एखाद्याच्या पित्राला पानात जो आवडीचा पदार्थ वाढतात, त्यात ते माणूस येऊन बसतं. बसलं की उठत नाही. पुढं मुंजाभाऊंनी कधीही, कुठंही तो पदार्थ खाल्ला, की ते हजर. "कढीत सोळंके हायेत. वरणात तीन जण. भजी तर तोंडात घालायची सोय न्हाई, एक घास घेतला की कानाशी खोकायला लागतात. अन् चहात, सर, चहात अख्खं गाव हाये."

"मग तुम्ही खाता काय?"

"भाकर अन् मीठ. त्यात बी एक बाई येऊन बसती, पण गरीब हाये, बोलत न्हाई."

मी हसलो. रात्री ताटात कढी आली तेव्हा मात्र मी ती बाजूला सारली. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

साधारण शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला आमच्या स्टेशन रोडवर पहिलं चायनीज सुरू झालं. पत्र्याचं शेड, चार टेबलं, ट्यूबलाइटला लाल जिलेटीन गुंडाळलेलं, त्यामुळं आत बसलेलं प्रत्येक माणूस नुकतंच काहीतरी करून आल्यासारखं दिसायचं. मालक आणि आचारी एकच, अफसरभाई. औरंगाबादला एका हॉटेलात शिकून आलेले. एका शनिवारी मी मुंजाभाऊंना ओढतच तिथं नेलं. हाफ मंचुरियन, हाफ हक्का. मुंजाभाऊंनी नूडल्सचा एक तंतू उचलला, भीत भीत जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून थांबले. कुणी दार उघडतंय का याची वाट बघावी तसे. मग दुसरा घास, मग तिसरा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तिखट लागलं का?" मी विचारलं.

"सर," ते कुजबुजले, "आत कोणीच न्हाई!"

अफसरभाई कढईवरून ओरडले, "कैसा कोई नहीं? गोबी है, गाजर है, शिमला डाला मैं!"

त्या दिवशी मुंजाभाऊंनी दोन प्लेट हक्का खाल्ल्या. इतकं सुखानं जेवताना मी माणूस पाहिला नव्हता. व्हिनेगरातली मिरची आधी नुसती हुंगायची, सॉसचा थेंब नखाएवढा टाकायचा, नूडल्स ओठांनी सूं करून ओढायच्या आणि मध्येच थांबून स्वतःशीच म्हणायचं, "ही चव माझी हाये." परतूरात चायनीज आवडणारं माणूस अजून मेलेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग आम्हा दोघांचा शनिवार ठरूनच गेला. पण त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. "म्हातारं माणूस इथं आणू नका, सर. गोडी लागली, मेलं, अन् घरच्यांनी पानात हक्का वाढून मला बसवलं, की संपलं. मंग मी जायचं कुठं?"

वचन घेऊन थांबले असते तरी बरं. शेडमध्ये कुणी पिकल्या केसांचा शिरला, की हे उठून त्याच्या टेबलाशी जायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "काका, ह्यात गांडुळं असतात." निम्मे लोक तसेच परत फिरायचे. अफसरभाई झारा घेऊन अंगावर यायचे. "ओ मुंजाभाई! धंदा बिठाते क्या मेरा?"

आणि वचन मोडलं कुणी, तर मी. माझे वडील, दादा, घनसावंगीकडचं शेत बटईनं देऊन आईसह माझ्याकडं राहायला आले होते. मी एकुलता एक. दादांचे सगळे दात गेलेले, कवळी घालायची नाही हा हट्ट, आणि दोन महिने पेज पिऊन म्हातारा नुसता चिडचिडा झालेला. मला वाटलं, नूडल्स चावाव्या लागत नाहीत. घेऊन गेलो. मुंजाभाऊंनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी त्यांच्या ताटात माती कालवली होती.

"दादा," ते म्हणाले, "ह्यात गांडुळं असतात."

"असू दे की," दादा म्हणाले. "रानाला चांगली असतात. आण रे!"

बोळक्या तोंडानं दादांनी अख्खी प्लेट संपवली. "शेवयाच हायेत, पर अक्कल घालून केल्यात," असा निकाल दिला आणि पुढच्या शनिवारी माझ्याआधी चपला घालून तयार. येताना फडक्यात ज्वारीची मऊसूत भाकरी बांधून आणायचे आणि तिनं नूडल्स आवळून खायचे. अफसरभाईंनी कपाळाला हात लावला.

मुंजाभाऊंचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. दादा शिंकले की हे उठून उभे. अडुळशाचा काढा काय, कानटोपी काय, थंडीत छातीला लावायला तेल काय. एकदा तर भर उन्हात दादांना सायकलवर डबलसीट बसवून डॉक्टरकडं नेलं. मी म्हणालो, अहो, साधा खोकला आहे. तर म्हणाले, "सर, दादांना काही होता कामा न्हाई. माझ्या जेवणाचा प्रश्न हाये." दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आईला कौतुकानं सांगायचे, "तो मुंजाजी लई जीव लावतो बघ."

पुढल्या थंडीत दादा झोपेतच गेले. मुंजाभाऊ स्मशानात लांब बाभळीखाली उभे होते, जवळ आले नाहीत. नंतरही शनिवारी आम्ही शेडमध्ये बसायचो, पण ते प्रत्येक घास आधी चाखून बघायचे. अजून आत कोणी नव्हतं. दादांचं पित्र व्हायचं होतं.

वर्षश्राद्ध झालं, पितरपाटा आला, आणि आई म्हणाली, "ते शेवयाचं पानात पाहिजे. जीव होता त्यांचा त्याच्यावर. अन् बसायला मुंजाभाऊला सांग."

मी आईपुढं हात जोडले. दुसरं काहीही कर, खीर कर, वडे कर. हवं तर नूडल्स कर, पण माणूस दुसरा बसव. आई ऐकेना. म्हणाली, "दुसऱ्या कुणात ते येणार हायेत का?" तिला सगळं ठाऊक होतं. अख्ख्या परतूरला ठाऊक होतं.

मी मुंजाभाऊंच्या खोलीवर गेलो. मान खाली घालून सांगितलं. वर म्हणालो, "तुम्ही नाही म्हणा. मी आईला समजावतो." त्यांची घाटी दोनदा वरखाली झाली. मग विचारलं, "आईनं सोताहून बोलावलं?"

"हो."

"मंग येतो."

पित्राच्या पानाला कांदा-लसूण चालत नाही. अफसरभाई आमच्या अंगणात उभे राहून आईला शिकवत होते, "अम्मा, आंच तेज रखो, हात रुकना नहीं," आणि बिनलसणाच्या नूडल्सकडं बघून हळहळत होते. निखाऱ्यावर पितरांच्या नावानं घास टाकून आगारी दिली. पत्र्यावर कावळ्याचा घास ठेवला. मुंजाभाऊ पाटावर बसले. मी त्यांचे पाय धुतले, गंध लावलं. त्यांनी पानाकडं बघितलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून नूडल्स आवळल्या.

हे ते शेडमध्ये बघून शिकले असतील, असं मी स्वतःला बजावलं. विज्ञानाचा मास्तर ना मी. मग त्यांचे गाल आत गेले. तोंडात बत्तीस दात असलेला माणूस बोळक्यासारखा चावायला लागला. आई समोर पदर सावरून बसली होती. पान संपलं. मुंजाभाऊंनी मान वर केली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चंद्रा, तू जेवलीस का?"

माझ्या आईचं नाव सरस्वती. चंद्रभागा हे तिचं माहेरचं नाव, मला लग्नपत्रिकेवरून माहीत. त्या नावानं तिला हाक मारताना मी आयुष्यात कुणाला ऐकलं नव्हतं. दादांनाही नाही. आई मात्र जराही दचकली नाही. रोजच्यासारखी म्हणाली, "तुम्ही उठल्यावर बसते की." आणि पदरानं डोळे पुसून उठली.

मुंजाभाऊ हात धुऊन, कुणाशी न बोलता निघून गेले.

शनिवारी मी शेडकडं निघालो. एका माणसाचं जगातलं एकुलतं एक सुख आपण घालवलं, ही बोचणी काही जात नव्हती. तो आता इथंही यायचा नाही, खोलीत भाकर-मीठ खात बसेल, असं वाटत होतं. तर मुंजाभाऊ लाल उजेडात बसलेले. पुढ्यात हाफ हक्का, अर्धी संपलेली. समोरची खुर्ची त्यांनी ओढून ठेवली होती. मी बसायला गेलो तर म्हणाले, "सर, जरा इकडं, बाजूला बसा."

मी बाजूच्या खुर्चीवर बसलो. "मुंजाभाऊ, माफ करा. मी अडवायला पाहिजे होतं."

"आले दादा," ते म्हणाले. "पहिल्याच घासाला आले."

"त्रास देतात?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "इतकी वर्षं झाली, सर. ही सगळी येतात, आपलं जेवतात, आपली भूक भागवतात अन् जातात. मी हाये का न्हाई, कुणी बघत न्हाई. दादांनी इचारलं."

"काय विचारलं?"

"'मुंजाजी, तू पोटभर जेवून राह्यलास ना?' म्हणले." आणि तो वाळका, उंच माणूस भर हॉटेलात लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही आवरेना. अफसरभाईंनी कढईखालची आंच कमी केली आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

जरा वेळानं मुंजाभाऊ म्हणाले, "एक इचारू? मी शंभर घरी पित्राला बसलो. माझ्या खोलीवर कधी कुणाचं पित्र झालं न्हाई. घालू कुणाचं? पुढल्या वर्षी दादांचं मी घालू का? आईला राग यील का?"

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात इचारायचं काय? दोन पोरं असली की दोन्ही घरी पित्र होतं."

पुढल्या भाद्रपदात त्या एका खोलीत दादांच्या जागी मी पाटावर बसलो. मुंजाभाऊंनी खोली सारवली होती, नवी टोपी घातली होती. त्यांनी माझे पाय धुतले, गंध लावलं. पानात हक्का वाढला, आणि घरोघरी पाहुणा म्हणून जे जे ऐकलं होतं ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. सावकाश होऊ द्या, रागावू नका, गोड मानून घ्या, काही राहिलं असेल तर सांगा. मग डाव हातात धरून विचारलं, "दादा, अजून वाढू का?"

मी या माणसाला कधी अहो-जाहोशिवाय बोललो नव्हतो. वयानंही ते माझ्याहून मोठे. पण माझ्या तोंडातून आलं, "वाढ रे बाळा. अन् तुझं बी पान घे."