धोंडाक्का अस्वलीण संगणक जुळवते

एका जंगलात, ज्याचं नाव मी सांगणार नाही कारण तिथं माझे नातेवाईक राहतात, धोंडाक्का नावाची अस्वलीण होती.

मांडी घालून बसा. मधे कुणी बोलायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, म्हणून गोष्ट सरळ सांगते. फिरवून सांगायला पुढचं शिक्षण लागतं.

तर धोंडाक्का मध विकायची. पाणवठ्यावर उंबराखाली तिची टपरी होती. जो तो पाणी प्यायला यायचा आणि जाताना मध घेऊन जायचा. धोंडाक्काच्या तोंडाला लगाम नव्हता. एकदा वाघानं पोळ्यावर पंजा ठेवला. ती म्हणाली, "हात काढ, नाहीतर कातडं सोलून टपरीला पडदा लावीन." वाघानं हात काढला.

थोडक्यात, माझ्यासारखीच होती. म्हणजे बाहेरच्यांपुढं. घरातलं पुढं येईलच.

एक दिवस सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. आपलं जंगल मागं पडलंय, असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं. दवंडी अशी: पाणवठ्यावर टपरी हवी असेल तर घरी संगणक हवा. पौर्णिमेला तरस तपासायला येईल. ज्याचा संगणक चालू, त्याची टपरी. ज्याचा बंद, त्याची जागा दुसऱ्याला.

दुसरा म्हणजे लांडगा. तो त्याच दिवशी येऊन उंबराखाली आडवा पडून बघून गेला, सावली पुरते का म्हणून.

कोल्ह्याच्या दुकानात तयार संगणक मिळायचे. लांडग्यानं एक उचलून नेला. धोंडाक्का मात्र भडकली.

"लोणचं मी घरी घालते. पापड घरी लाटते. आणि संगणक विकतचा आणू? लोक काय म्हणतील? सुटे भाग आणीन आणि घरी जुळवीन!"

तिची धाकटी जाऊ सगुणा शेजारच्याच गुहेत राहायची. तिनं गेल्या वर्षी स्वतःचा संगणक स्वतः जुळवला होता आणि तो चालतही होता. ह्यामुळे दोघींचं बोलणं जरा कमीच होतं.

सगुणा म्हणाली, "अक्का, आधी प्रोसेसर ठरवा. तो संगणकाचा मेंदू. मग त्याला बसेल असाच मदरबोर्ड घ्या. हरेक बोर्डावर हरेक मेंदू बसत नाही. मग बोर्डाला चालेल ती रॅम. आणि शेवटी हे सगळं मावेल असा डबा."

बोलणं शंभर टक्के खरं होतं. धोंडाक्काला ते पटलंही. पण ते जावेच्या तोंडून आलं होतं. आता तुम्हीच सांगा, ते ऐकता येतं का?

"मला शिकवू नकोस गं," धोंडाक्का म्हणाली. "तू ह्या घरात आलीस तेव्हा तुला पोळ्यातनं मध काढता येत नव्हता."

मग तिनं आपल्या पद्धतीनं खरेदी काढली. घरात लग्न निघालं की बस्ता कसा बांधतात? सगळ्यांचा मान राखून. आत्याकडून हे, मामाकडून ते, कुणाला वाटायला नको की मला वगळलं. धोंडाक्कानं संगणकाचा बस्ता तसाच बांधला.

प्रोसेसर माहेरचा. तिचा आप्पादादा प्रोसेसर विकायचा. "धोंडे, हा घे, एकदम नवा! ह्याच्यापुढं सिंहाचाही काही नाही." तिनं डोळे पुसले आणि घेतला. माहेरची वस्तू होती ना.

आता प्रोसेसर माहेरचा घेतला म्हटल्यावर मदरबोर्ड सासरचा घ्यायलाच हवा. नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल. नणंदेकडं, वत्सलावन्संकडं, एक बोर्ड होता. जुन्या धाटणीचा, पण जपून ठेवलेला. त्यांनी त्याला हळदकुंकू लावून दिला. धोंडाक्कानं वाकून नमस्कार केला. बोर्डावर प्रोसेसरची जागा कोणती, ती कशी, हे विचारलं नाही. नणंदेला असं विचारतात का?

रॅम व्याह्यांनी दिली. व्याही रानगवा होते. अस्वलाचा व्याही गवा कसा, असं विचारणाऱ्यानं बाहेर जाऊन बसावं.

आणि भिशीतल्या माकडिणीनं डबा दिला. काचेचा, सात रंगांचे दिवे असलेला. "अक्का, आत काय आहे कोण बघतंय? बाहेरनं झगमगलं पाहिजे!"

सगळी मांडामांड झाली. धोंडाक्कानं नारळ फोडला आणि जुळवायला बसली.

प्रोसेसर बोर्डावर बसेना.

तिनं उलटा ठेवून पाहिला. आडवा ठेवून पाहिला. फुंकर मारली. मग पंजा ठेवून जरा दाबला. अस्वलाचं "जरा" कसं असतं तुम्हाला माहीत नाही. 'कट्ट' असा आवाज आला. रॅमची खाच भलत्याच ठिकाणी होती. ती अर्धी आत गेली आणि अर्धी गव्यासारखी बाहेर उभी राहिली.

धोंडाक्कानं आप्पादादाला बोलावलं. तो म्हणाला, "माझ्या प्रोसेसरला नाव ठेवायला जागा नाही. तुझ्या सासरच्यांच्यातच खोट, मी लग्नातच बोललो होतो."

निरोप वत्सलावन्संपर्यंत गेला. त्यांच्याकडून निरोप आला, "आमच्या बोर्डानं भल्याभल्यांना सांभाळलंय. माहेरचा मेंदूच आगाऊ असेल तर बोर्ड काय करणार?"

व्याह्यांनी फक्त नाकातून वाफ सोडली.

आणि पोरांनो, गंमत म्हणजे सगळे खरं बोलत होते. प्रोसेसर चांगला होता. बोर्ड चांगला होता. रॅम चांगली होती. फक्त एकमेकांचं तोंड बघायला कुणी तयार नव्हतं. अशी घरं मी पुष्कळ पाहिलीत. एका घरात तर राहते.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. सगुणाच उठून आली.

"अक्का, हट्ट सोडा. दादांचा प्रोसेसर शाबूत आहे, वाकलाय तो बोर्डच. वन्संचा बोर्ड त्यांना परत देऊन या. ह्या प्रोसेसरला बसणारा बोर्ड आणि त्याची रॅम मी घेऊन येते. तरस संध्याकाळी येईल. तोवर जुळवू."

"आणि वन्संना काय सांगू?"

"सांगा, बसत नाही. एवढंच!"

"एवढंच," धोंडाक्का म्हणाली. वाघाला दम देणाऱ्या बाईला एवढं का जमणार नाही? तिनं बोर्ड काखेत मारला आणि निघाली. वाटेत मोठ्यानं सराव केला. "वन्सं, तुमचा बोर्ड बसत नाही. परत घ्या." झाडावरचे पोपटसुद्धा म्हणायला लागले, इतका सराव केला.

वत्सलावन्सं दारातच उभ्या होत्या. "या या, वहिनी! बसा. पोहे टाकते." पोह्यांवर ओलं खोबरं आलं. मग चहा आला. मग वन्सं प्रेमानं म्हणाल्या, "लोक काहीबाही बोलतात हो. खरं सांगा, माझा बोर्ड कसा चाललाय?"

धोंडाक्कानं तोंड उघडलं. मोठा श्वास घेतला.

"झकास!" ती म्हणाली. "वन्सं, तुमच्या बोर्डाला तोड नाही. तेच सांगायला आले. हा बघा, तुम्हाला दाखवायला सोबत आणलाय."

वन्संना भरून आलं. त्या आत गेल्या. "एवढा आवडला म्हणता, तर हा त्याचा जोडीदारही न्या. तुमच्यासाठीच ठेवला होता."

धोंडाक्का घरी आली तेव्हा तिच्या दोन्ही काखांत एकेक बोर्ड होता.

सगुणा दारात वाट बघत होती. तिनं एक काख पाहिली. दुसरी काख पाहिली. मग आपला बोर्ड आणि रॅम गुपचूप पदराखाली घेतली आणि आपल्या गुहेत निघून गेली.

संध्याकाळी तरस आलं.

"संगणक चालू आहे का?"

"माहेरचा प्रोसेसर आहे," धोंडाक्का म्हणाली. "सासरचे दोन बोर्ड आहेत. व्याह्यांची रॅम आहे. डबा काचेचा आहे."

"चालू आहे का?"

"सगळे खूश आहेत."

तरसानं काय ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी उंबराखाली लांडगा बसला.

धोंडाक्का आता त्यालाच मध देते आणि तो स्वतःच्या नावानं विकतो. काचेचा डबा तिच्या गुहेत मधोमध मांडलाय, त्यावर तिनं विणलेला रुमाल घातलाय. पाहुणे येतात, आपापला भाग ओळखतात, मान डोलावतात आणि फुकटचा मध चाटून जातात. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ त्या जंगलात दुसरीकडं नाही.

तात्पर्य: सुटे भाग एकमेकांना जुळतात की नाही, हे बघत बसू नये. संगणक बंद पडला तरी रुसत नाही. टपरी गेली तरी ती चार घरी जाऊन आपली निंदा करत नाही. तेव्हा बाळांनो, वाघाशी खुशाल खरं बोला. पोहे खाऊन झाल्यावर मात्र बोर्ड चांगलाच आहे म्हणा.