परवानगीवाले नाना

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत समोरच्या जास्वंदीचा फोटो काढण्याआधी त्या घराची बेल वाजवणारे नाना हे एकमेव गृहस्थ. घरमालक झोपेतून उठून दार उघडतो, नाना विचारतात, "फूल काढू का? म्हणजे फोटोत?" फूल तोडून नेलेलं परवडलं, असं लोकांचं मत आहे.

नाना मूळचे शिरपूरकडचे. नोकरी संपली आणि ऑफिसातली मराठीही संपली. आता सगळ्यांशी अहिराणीच. कोणी कुठेही मोबाईल वर केला की विचारणार, "इचारं का?" म्हणजे परवानगी विचारली का.

यंदा कॉलनीची सहल राजस्थानात गेली, एका राजवाड्याला. अर्ध्या भागात संग्रहालय, अर्ध्यात राजघराणं अजून राहतं. संग्रहालयात फोटो चालेल, राहत्या भागाकडे कॅमेरा वळवायचा नाही, अशी पाटी दारातच होती. नानांनी ती आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. मग पहारेकऱ्याला विचारलं, "आपका फोटो निकालना हो तो किसकी परमिशन?"

"मेरी," तो म्हणाला आणि मिशीला पीळ देऊन उभा राहिला. फोटोत मिशी आली, पहारेकरी कापला गेला.

रील करणारा आमचा प्रवीण वैतागला. "नाना, राजेबिजे संपले. आता लोकशाही आहे."

"लोकशाहीमा बी परदा लावाना हक शे."

तेवढ्यात राहत्या भागाच्या गच्चीवर एक म्हातारी बाई आली. नुकतंच न्हाऊन ओले केस झटकत होती. "राणीसाहेब!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे मोबाईल वर. बाई गोंधळली, पदर शोधू लागली. नाना राहत्या भागापुढे बांधलेली दोरी ओलांडून पुढे धावले आणि त्यांनी गर्दीच्या तोंडावर उन्हाची छत्री उघडली.

शिट्टी वाजली. पकडलं कोणाला? दोरी ओलांडणाऱ्या नानांना! बाकीचे दोरीच्या अलीकडे, म्हणजे नियमात उभे होते.

सोबत म्हणून मीही राजवाड्याच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब हसत म्हणाले, "अरे, वो रानी नहीं थी। रसोई में काम करती है।"

नाना माझ्याकडे वळले. "मंग? तिले परदा नको का?"

मी भाषांतर केलं. साहेब हसायचे थांबले. समज देऊन त्यांनी आम्हाला सोडलं.

बाहेर बाकावर बसल्यावर नानांनी छत्री नीट गुंडाळली. मग म्हणाले, "तुनी अक्का दवाखानामा व्हती ना..." अक्का म्हणजे त्यांची बायको. गेल्याच वर्षी वारल्या. "डोकावरना केस गयथात. भेटाले येनारा बठ्ठा तिनासंगे फोटो काढेत, ग्रुपवर टाकेत. ती माले खुणाये, परदा लाव. पन पाहुणा व्हतात, भाऊ. माले बोलता उनं नही."



मागच्या दारानं ती बाई आली. हातात चहाचे दोन पेले, डोक्यावर पदर, केसांचा घट्ट अंबाडा. चहा देऊन ती जाईना. मग लाजत म्हणाली, "भैया, अब एक खींच दो। बेटे को भेजूँगी।"

नानांनी फोन काढला. तिच्यासमोर धरला आणि नुसताच धरून राहिले. ती बिचारी हसरा चेहरा सांभाळत उभी.

शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"तू काढ," ते म्हणाले. "माले नीट दिसत नही."